धागा कुठल्या बाजूला तुटला

एकोणऐंशीव्या मिनिटाला चेंडू जाळीत दिसला.
एवढ्यावर सगळ्यांचं एकमत आहे.
तो आत कुठून आला, यावरून
रेल्वे मैदानावरचं कुणीच अजून घरी गेलेलं नाही.

ऊन एप्रिलचं, साडेपाचलाही पत्र्यासारखं.
विडी घरकुलचा तिरुपती गाजूल उजवीकडून निसटला,
मारला, आणि धूळ उठली.
धूळ बसली तेव्हा चेंडू आत होता,
बाजूच्या जाळीला कलिंगडाएवढं भोक होतं
आणि हत्तुरे सरांची शिट्टी वाजून गेली होती.
गोल.

"बाहेरनं आलाय की ओ सर, भोकातनं!"
रेल्वे कॉलनीचा ऑगस्टीन हातमोज्यांसकट हात जोडतो.
"आतनं गेल्यावर भोक पडलंय बे ते!"
"तू काय जाळीत बसलेलास काय?"
"डोळे हायत का बटणं?"

जब्बार नदाफला दोन्ही संघांचं देणंघेणं नाही,
तो शेंगा विकायला आलेला.
दोन पुड्या उभ्या करतो, हे खांब,
एक शेंग चेंडू,
आणि तीनदा गोल करून दाखवतो,
तिन्ही वेळा वेगळ्या बाजूनं.
चौथ्यांदा कुणीतरी चेंडू खातो.

मराठीत निघालेली शंका
तेलुगूत स्वतःच्या आईची शपथ घेते,
कन्नडमध्ये दुसऱ्याची आई काढते
आणि दख्खनीत येऊन मऊ पडते:
"जान्दो ना भाई, सर कू बी घर है."
सर मधोमध उभे. साठी ओलांडलेली,
गुडघ्याला क्रेप बँडेज,
शिट्टी ओठांत तशीच, फुंकायची राहून गेलेली.
घड्याळ चालू ठेवलंय की थांबवलंय
हे त्यांनाही आठवत नसावं.

मग कुणीतरी म्हणतं,
नरसय्याला बोलवा.
जाळी त्यानंच विणलेली,
चादरीच्या कारखान्यातलं उरलेलं सूत, सहा पदरी पीळ.
चाळीस वर्षं मागावर; तुटका धागा बघून सांगतो,
धोट्यानं तोडला, गाठीनं तोडला
की पोरगं डुलक्या घेत होतं.

आले. खांद्यावर टॉवेल, भुवयांत कापूस.
माझ्याकडे बघितलं नाही,
मी बायकांच्या बाजूला, कुंपणाला टेकून उभी होते.
मांडी घालून बसले भोकापुढं,
जेवायला बसावं तसे.
एकेक टोक ओठांत ओलं केलं,
उन्हाकडे धरलं, बोटावर आडवं टेकवलं.
तीनशे माणसं गप्प.
लांब कुठं तरी मालगाडी जोडत होते,
तेवढाच आवाज.

एकदा वर बघितलं त्यांनी,
तिरुपतीकडे नाही, ऑगस्टीनकडे नाही,
त्या क्रेप बँडेजकडे.

"तुटलेला न्हाई," म्हणाले. "सुटलाय.
गाठ माझीच सैल बसलेली.
चेंडूला काय विचारता आता."

क्षणभर कुणाला सुचेना.
मग दोन्हीकडची पोरं मिळून
माझ्या बापाला शिव्या देऊ लागली,
आणि सरांनी घड्याळ बघितलं,
खेळ पुढं सुरू झाला.

पण त्यांची गाठ सुटत नाही.
आमच्या घरी झोळीला चौदा वर्षं एकच गाठ होती,
तिच्यात आम्ही तिघं भावंडं झोपलो.

रात्री सदरा धुवायला घेतला तर
खिशात वीतभर सूत. तुटलेलं.
तंतू सगळे एका बाजूला झुकलेले.
मी ते उलटं धरलं, सुलटं धरलं,
दिव्यापाशी नेलं.
आत कुठलं आणि बाहेर कुठलं
हे कळायला जाळी लागते,
आणि जाळीत त्यांनी अंधार पडायच्या आत
नवी गाठ मारली होती.

हत्तुरे सर दुसऱ्या दिवशी आले.
चहा घेतला. उन्हाबद्दल बोलले.
मांडीवरच्या टॉवेलचे दशे मोजत बसले बराच वेळ.
विचारलं काहीच नाही.

जब्बार मात्र रोज विचारतो,
माझ्या पुडीत चार शेंगा जास्त घालून.